हारूचा खोकला

शुक्रवारी दुपारी धुळीने सूर्य गिळून टाकला आणि आखातातल्या सलव्यात, उल्काताईच्या हॉलमध्ये चहाच्या रंगाचा उजेड पसरला. खिडक्यांच्या फटींत ओले टॉवेल कोंबून ताई खाली गवार मोडत बसली होती. नवरा रिफायनरीत शिफ्टला. शेजारी तिचा धाकटा भाऊ राजन, समोर टीव्हीवर जपानी सिनेमा. पेनड्राइव्ह राजनच्या प्लँटवरच्या जपानी इंजिनिअरने दिलेला, त्याला सबटायटल नव्हती. राजनला जपानी छान येई, म्हणून तो ऐकून ताईला मराठीत सांगत होता. तिला सिनेमा असाच आवडे, डोळे भाजीवर आणि कान गोष्टीवर.

संध्याकाळी नाशिकहून, राजनला सांगून आलेल्या क्षितिजाच्या घरच्यांचा व्हिडिओ कॉल होता. मुलीला होकार द्यायच्या आधी ताईला आपलं खरं सांगून टाकायचं, असं राजनने ठरवलं होतं. तोंडाने जमायचं नाही, तर सिनेमाच सांगेल, ही त्याची शक्कल. सिनेमा सांगणार कोण, याचा मात्र बेट्याने विचारच केला नव्हता.

सिनेमातल्या हारूच्या छातीत एक पक्षी राहत होता. छत्र्या दुरुस्त करणारा तोमो दिसला की पक्षी गाऊ लागे, आणि तो आवाज झाकायला हारू खोकू लागे. गाव मोठं मायाळू. कुणी मध आणून देई, कुणी मुळ्याचा रस. नगराध्यक्षांनी तर खोकणाऱ्यांसाठी वेगळी ट्राम सुरू केली. त्या रिकाम्या ट्राममधून हारू एकटाच समुद्राच्या तळाशी फिरून येई, आणि खिडकीबाहेरचे मासे त्याला वाकून नमस्कार करीत.

राजनने पहिल्या दहा मिनिटांतच कच खाल्ली. तोमो हा हारूचा दोस्त, असं त्याने सांगितलं. मग तोमोला एक बहीण काढली आणि हारूचं प्रेम तिच्या गळ्यात घातलं. ती पडद्यावर काही येईना, तेव्हा तिला ओसाकाला पाठवून दिलं. थाप मारायलाही अक्कल लागते, आणि याची सगळी जपानी शिकण्यात खर्च झाली होती.

"पण हा खोकतोय कशाला?" ताईने मध्येच विचारलं. "पक्षी तर सगळ्यांनाच ऐकू येतोय."

राजनने टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी एक स्नानगृह आलं. वाफेत दोघे समोरासमोर बसलेले. हारू खोकायचा थांबला. पक्षी गाऊ लागला तशा लाकडी बादल्या पाण्यावरून अलगद उचलल्या गेल्या आणि छताजवळ तरंगत राहिल्या. बाहेरची धूळ आणि आतली वाफ एक झाली, आपणही तिथेच बसलोय असं राजनला वाटलं. तोमोने एक प्रश्न विचारला. राजनचा आवाज फुटेना.

ताई कधीची भाजी सोडून पडद्याकडे पाहत होती. "विचारत असेल," ती हळूच म्हणाली, "इतकी वर्षं खोकलास, घसा नाही दुखला?"

तोमोचे शब्द अगदी तेच होते. राजनला रडू फुटलं.

"दुखला गं ताई. फार दुखला."

ताईने सिनेमा थांबवला. आधी ती चिडली, तीन वर्षं स्थळं शोधायला लावून आपल्याला वेड्यात काढलं म्हणून. मग घाबरली, आणि इथे कुणापुढे ब्र काढणार नाहीस, अशी त्याला शपथ घातली. मग उठून तिनेच नाशिकला फोन लावला. मुलाच्या मनात नाही, चूक आमची, एवढंच सांगून पलीकडचं सगळं मुकाट्याने ऐकून घेतलं.

"आहे का कुणी?" तिने विचारलं.

कुणी नाही, हे सवयीचं उत्तर राजनच्या ओठांवर आलं. त्याने ते गिळलं.

"आलोक," तो म्हणाला.

आलोक तिला माहीत होता. राजनचा रूम पार्टनर, दिवाळीच्या फराळाला येणारा, जाताना न सांगता कपबशा विसळून ठेवणारा.

"म्हणजे दर शुक्रवारी तू इथे जेवतोस," ती म्हणाली, "आणि तो तिकडे एकटा?"

राजनने होकारार्थी मान हलवली. इतका वेळ कोरड्या डोळ्यांनी निभावलेल्या ताईला तेव्हा रडू आलं.