उजव्या हातातल्या माश्या

बाईंनी दोन्ही हातांतल्या काचेच्या नळ्या एकदमच रबरी चटईवर आपटल्या आणि कॅमेऱ्यासमोर धरल्या. आतल्या फळमाश्या भदाभदा तळाशी पडल्या, मग वर चढू लागल्या. उजव्या नळीला निळा कापसाचा बोळा होता, डाव्या नळीला पांढरा. निळ्यातल्या सरसर वर गेल्या. पांढऱ्यातल्या बिचाऱ्या अर्ध्यावरच रेंगाळल्या.

"बघितलंत, बाई? परत निळ्याच!" प्रमुख मागून म्हणाला. "सांगून टाकतो आता सगळ्यांना."

"उद्या सांग."

"का?"

"मी म्हणते म्हणून."

प्रमुख म्हणजे बाईंचाच एके काळचा विद्यार्थी. आता प्रयोगशाळा त्याची होती, पण त्याची 'तुम्ही' म्हणायची सवय सुटली नव्हती, आणि बाईंची अरे-तुरेची. तो हसतहसत निघून गेला.

कंपवाताच्या रुग्णांत सापडणारा जनुकातला एक दोष त्यांनी या माश्यांत आणला होता. त्यामुळे त्या चढायला मंद होत्या. निम्म्यांच्या खाण्यात नवं औषध मिसळलेलं होतं. त्या नळ्यांचा बोळा कुठल्या रंगाचा, हे बाईंना मुद्दाम सांगितलेलं नव्हतं; पण निळ्या माश्या पळाल्या की प्रमुखाचा चेहरा असा फुलायचा, की आंधळ्यालाही कळावं. नळ्या आपटण्यात बाईंचा हात धरणारं कुणी नाही, असं सगळे म्हणायचे. बाईंना ते आवडायचं. सवयीने निळा बोळा नेहमी उजव्या हातात, पांढरा डाव्या.

त्या उजव्या हातानेच घात केला होता. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं तेव्हा बाईंना आधी हसूच आलं. ज्याच्या मागे आयुष्य घातलं, तोच मेला घरी मुक्कामाला आला! नवऱ्याखेरीज कुणाला पत्ता नव्हता. तो त्यांचा कप अर्धाच भरायचा आणि वर दूध संपल्याची थाप मारायचा. प्रयोगशाळेत नळ्या आपटण्यापुरता सोडला तर हात एप्रनच्या खिशात राहायचा.

आज मात्र कॅमेऱ्यासमोर धरलेल्या नळीतला निळा बोळा बारीक थरथरताना बाईंना दिसला, म्हणूनच त्यांनी 'उद्या' म्हटलं होतं. प्रमुख गेल्यावर त्यांनी नळ्यांची अदलाबदल केली. पांढरी उजव्या हातात, निळी डाव्या. आपटल्या.

पांढऱ्यातल्या माश्या सरसर वर गेल्या.

पुन्हा आपटल्या. पुन्हा पांढऱ्याच. औषधाचा गुणबिण काही नव्हता. काच थरथरली की माश्या बावचळून वर पळत होत्या, एवढंच.

बाईंना रडू आलं. हे औषध कधीतरी आपल्यालाही मिळेल, अशी वेडी आशा त्यांनी कुणालाही न सांगता धरली होती. मग त्यांनी बाहीला नाक पुसलं, दोन्ही नळ्या उचलल्या आणि बैठकीच्या खोलीत गेल्या.

'उद्या' ऐकायला प्रमुखाला कुठला धीर! तो सांगून मोकळा झाला होता. सगळे त्याची पाठ थोपटत होते.

"जरा गप्प बसा आणि इकडे बघा," बाई म्हणाल्या. त्यांनी नळ्या सगळ्यांदेखत आपटल्या, हात बदलून परत आपटल्या. चढणाऱ्या माश्याही बदलल्या.

"योगायोग असेल," कुणीतरी पुटपुटलं.

बाईंनी नळ्या खाली ठेवल्या आणि उजवा हात टेबलाच्या मधोमध ठेवला. तो हलत होता. त्यांनी तो हलू दिला.

"हा बघा योगायोग."

"कधीपासून, बाई?" प्रमुखाने विचारलं.

"ते मी आणि माझे डॉक्टर बघून घेऊ. तू माश्यांचं विचार."

"तुम्ही घरी जा आता. थोडी विश्रांती घ्या."

"का म्हणून? उद्यापासून नळ्या यंत्र आपटेल. आधीच आपटायला हवं होतं, माझा हट्ट नडला. पण माश्या मोजायला डोळे लागतात, आणि ते शाबूत आहेत. मला काढायचं असेल तर तसं तोंडावर सांग."

प्रमुखाने मान खाली घातली. "सगळी मेहनत पाण्यात गेली हो, बाई."

"गेली. तुला काय वाटतं, मला नको होतं हे औषध? तुझ्यापेक्षा मला जास्त हवं होतं."

बाकीचे एकेक करून खुर्च्या सरकवू लागले, आवाज न करता, आजारी माणसाच्या खोलीतून उठावं तसे.

"कुठे निघालात? बसा सगळे," बाई म्हणाल्या. सगळे बसले.

मग त्यांनी प्रमुखाकडे बघितलं. हात अजून टेबलावरच होता.

"पुढचं औषध कुठलं, ते काढ. आणि सुतकी तोंड करून बसू नकोस. मला घाई आहे."