मधली चौदा मिनिटं

पुरिंगने लसणाचा गड्डा दोन्ही अंगठ्यांखाली धरून दाबला. तो फुटला आणि पाकळ्या सुपात पडल्या. ठसठशीत पाकळ्या लावणीसाठी डावीकडे, किरकोळ स्वयंपाकासाठी उजवीकडे. भात काढून झालेल्या वावरात पुढच्या आठवड्यात लसूण लावायचा होता. सकाळपासून दीड पोतं संपलं होतं. तिने पुढचा गड्डा उचलला, तेवढ्यात कुंपणाचं बांबूचं फाटक करकरलं.

"ये आत, कुत्रं बांधलंय," मान वर न करताच ती म्हणाली.

मग तिने पाहिलं, आणि गड्डा हातातच राहिला.

फाटकात लेओनिसा उभी होती. सातवा महिना असावा. पोट वरच होतं, पण घोट्यांवर सूज होती. पुरिंगच्या डोळ्यांनी हे सगळं तिला न विचारताच टिपलं. बावीस वर्षं सुईणपण केलेले डोळे होते ते.

गाव लहान, चर्च एकच, बाजार एकच. तरी दोन वर्षांत या दोघी समोरासमोर आल्या नव्हत्या. लेओनिसा दहाच्या प्रार्थनेला येई, म्हणून पुरिंग पहाटेच्या प्रार्थनेला जायची. आरोग्य केंद्रातलं काम तिने त्याच वर्षी सोडलं होतं. गुडघे धरतात, असं तिने सगळ्यांना सांगितलं. गुडघे धरत असलेली बाई दिवसभर वावरात वाकून काम करते, हे लोकांना दिसत होतं, पण कुणी बोललं नाही.

"बस. पाणी देऊ?"

"नको."

"पाय जरा वर घेऊन बस. सूज आहे."

"मनांग, मी बाळंतपणाचं विचारायला नाही आले. घाबरू नका."

अख्खं गाव पुरिंगला मनांग म्हणायचं, थोरली बहीण; थोरल्या पुरुषाला मानोंग. लेओनिसाच्या तोंडून तो शब्द आज किती दिवसांनी आला होता. ती बाकावर बसली. पाय मात्र तिने खालीच ठेवले.

"नोव्हेंबर संपला की मी शहरात जाणार. रॉनेलची आतेबहीण इस्पितळाजवळच राहते. तिच्याकडे महिनाभर आधी जाऊन राहायचं ठरलंय."

"बरं केलंत."

"काल केंद्रात नाव घालायला गेले होते. ती नवीन नर्स जुनी नोंदवही काढून बसली. मला म्हणाली, पहिलं मूल चौदा मिनिटं जगलं ना? मी म्हटलं, नाही हो बाई, मेलेलंच जन्मलं. तर तिने वही माझ्याकडे फिरवली." लेओनिसा थांबली. मांडीवरचा हात तिने पोटावर नेला आणि पुन्हा खाली आणला. "अक्षर तुमचं आहे. जन्म चार वाजून दहा. मृत्यू चार चोवीस. मधली चौदा मिनिटं कुठे आहेत, मनांग?"

पुरिंगने सूप बाजूला सरकवलं. बोटांना चिकटलेली लसणाची सालं ती एकेक करून काढू लागली. ती संपली तरी बोटं चोळतच राहिली.

त्या दिवशी वादळाने पूल पाण्याखाली गेला होता. लेओनिसाच्या कळा तीन आठवडे आधीच सुरू झाल्या. सासू मोठ्या मुलीकडे गेलेली, ती पलीकडेच अडकली. दुपारी तिचा नवरा रॉनेल होडी आणि दोन माणसं मिळतात का ते पाहायला गेला, तेव्हा घरात पुरिंग एकटी होती आणि पुढ्यात वीस वर्षांची पोर, पहिलटकरीण. सव्वापाचला रॉनेल ओलाचिंब परतला. पुरिंग दाराशीच उभी होती. ती एवढंच म्हणाली होती, "बाळ गेलं. हिला आधी उचला." त्यांनी बेशुद्ध लेओनिसाला होडीत घातलं. ती दोन आठवड्यांनी इस्पितळातून परतली, तोवर बाळाला माती देऊन झाली होती.

"मी रॉनेलला खोटं बोलले नाही," पुरिंग म्हणाली. "पण त्याने काय धरून घेतलंय ते मला कळलं होतं. ते मी तसंच राहू दिलं."

"आणि वहीत?"

"वहीत खोटं लिहिता येईना."

समोरच्या रस्त्याने चुन्याच्या बादल्या आणि फुलांचे हारे घेऊन माणसं दफनभूमीकडे चालली होती. मृतांचा सण परवावर आला होता. कुणीतरी हाक मारली, पुरिंगने हात वर केला आणि ते पुढे निघून गेले.

"सांगा ना," लेओनिसा म्हणाली. "मी ऐकायलाच आलेय."

"निळा जन्मला. नाळेचे दोन वेढे होते. मी सोडवले, तोंड साफ केलं, फुंकर घातली. तिसऱ्या फुंकरीला त्याने श्वास घेतला. चांगला नाही, पण घेतला. मी त्याला छातीशी धरून पाठ चोळत होते." तिचा आवाज कोरडा होता, वहीतून वाचावं तसा. "मग तुला रक्त सुटलं. नळ उघडल्यासारखं. एका हाताने नाही थांबवता येत ते, दोन्ही हात लागतात. मुठीवर सगळं वजन टाकावं लागतं."

लेओनिसाने पुरिंगच्या हातांकडे पाहिलं.

"मी त्याला खाली ठेवलं," पुरिंग म्हणाली. "तो श्वास घेत होता आणि मी त्याला खाली ठेवलं."

हे वाक्य दोन वर्षांत तिने कितीदा मनात म्हटलं असेल. पहाटेच्या प्रार्थनेत, वावरात, जेवताना. माणसासमोर ते पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहान निघालं.

"किती वेळ?"

"सहा-सात मिनिटं. घड्याळ भिंतीवर होतं, दिसत होतं मला."

"कशावर ठेवलंत?"

"माझा स्वेटर काढला होता. त्यात गुंडाळून, तुझ्या डोक्याशी."

"मग?"

"रक्त जरा आवरलं, तेव्हा उचलला. तोवर तो निघालेलाच होता. फुंकर घातली, पण..." तिने मान हलवली. "आधी उचलला असता तर जगला असता का, मला माहीत नाही. मोठ्या डॉक्टरीणबाईंनाही विचारलं मी, कुणाचं नाव न घेता. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. पण तुला सोडलं असतं तर तू गेली असतीस, हे पक्कं माहीत आहे. मी तुला निवडलं. तुला विचारायला तू शुद्धीवर नव्हतीस."

लेओनिसा उठून उभी राहिली. पुरिंगला वाटलं, आता ही निघून जाईल. पण ती पोर दोन पावलं गेली आणि वळली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"दोन वर्षं, मनांग! दोन वर्षं मी हेच धरून बसले की तो माझ्या पोटातच मेला. मी काय खाल्लं, कुठे घसरले, विहिरीवरनं हंडा उचलला म्हणून झालं का. रॉनेल म्हणायचा, सोड. कसं सोडणार? आता हा पोटात हलायचा थांबला की मी रात्रभर बसून राहते. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं. चार घरं पलीकडे राहून माहीत होतं."

"हो."

"मी तुमच्यावर ओरडेन याची भीती वाटली?"

"नाही. तू ओरडणार नाहीस याची वाटली. तू म्हणशील, जाऊ दे मनांग, तुम्ही तरी काय करणार. ते मला ऐकवलं नसतं." पुरिंग थांबली. "मी माझ्याच दुखण्यात गुरफटले होते. तुझं दुखणं मी वाढवत होते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. चुकले मी, लेओनिसा."

कुंपणाबाहेर एक बदक पिल्लं घेऊन गेलं. लेओनिसा त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती परत येऊन बाकावर बसली. या वेळी पाय वर घेऊनच.

"रडला होता का?"

"नाही. एकदा शिंकला."

"शिंकला?"

"एवढीशी शिंक. मांजराच्या पिल्लासारखी. मी तुझं पोट दाबत होते आणि तुझ्या उशाकडून ही शिंक. मी बघितलं तर डोळे उघडे होते त्याचे."

लेओनिसाने तोंडावर हात धरला. खांदे हलू लागले. पुरिंगला आधी कळेना की ती रडतेय की हसतेय. दोन्ही होतं.

"रॉनेलचंय ते," ती म्हणाली. "ऊन तोंडावर आलं की शिंकतो मेला. लग्नात फोटो काढताना सातदा शिंकला." तिने डोळे पुसले. "केस?"

"भरपूर. कपाळापर्यंत. कान तुझे."

ती आणखी विचारत गेली. बोटं कशी होती, हनुवटी कुणाची, डोळे उघडले तेव्हा कुठे बघत होता. पुरिंग सांगत गेली. आपल्याला इतकं आठवतंय याचं तिलाच नवल वाटत होतं. दोन वर्षं तिला फक्त ती सहा-सात मिनिटंच दिसत आली होती. त्यांच्या अलीकडे आणि पलीकडेही तो होताच. जगात त्याला जिवंत पाहिलेलं माणूस एकच होतं, आणि ते तोंड मिटून बसलं होतं.

"सासूबाई दरवर्षी गेलेल्यांसाठी ताट वाढतात," लेओनिसा म्हणाली. "भात, केक, आजोबांची विडी. एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, मगच ते येतात म्हणे. माझ्या बाळाला काय म्हणून हाक मारायची? मी नुसतीच उभी राहते."

पुरिंग हळूच म्हणाली, "नाव आहे त्याला."

लेओनिसाने मान वर केली.

"निघाला म्हटल्यावर मी पाणी घालून बाप्तिस्मा दिला. पाद्री नसला तर आम्हाला देता येतो. नाव ठेवावं लागतं तेव्हा. मला काही सुचेना. माझ्या वडिलांचं ठेवलं. तेओदोरो."

"तेओदोरो?" लेओनिसा बघतच राहिली. "अहो मनांग, म्हाताऱ्याचं नाव ते! मी गॅब्रिएल ठरवलं होतं."

"तुला विचारायला तू शुद्धीवर..."

"तेओदोरो!" ती पुन्हा म्हणाली, आणि मग आणखी एकदा, बारीक आवाजात, जिभेवर नाव घोळवून बघत.

थोड्या वेळाने त्या दोघी दफनभूमीत पोचल्या. तिथे जत्रेसारखी गर्दी होती. माणसं गवत उपटत होती, थडगी पांढरी करत होती, पोरं मेणबत्त्यांचं जुनं मेण खरवडत होती. उत्तरेकडच्या भिंतीला लागून हातभर लांबीचा एक सिमेंटचा ओटा होता. त्यावर फक्त तारीख होती. पुरिंग या ओट्यापाशी कधी आली नव्हती. ती गुडघ्यांवर बसली आणि कडेचं गवत उपटू लागली.

"पुरिंग!" पलीकडच्या थडग्याला चुना देणारा म्हातारा सेबियो ओरडला. "तुझा बाप तिकडे, चिंचेखाली! आपलाच तेओदोरो विसरलीस का गं?"

पुरिंगचा गवत उपटणारा हात थांबला.

"विसरल्या नाहीत, मानोंग," लेओनिसा म्हणाली. "हा दुसरा तेओदोरो. माझा थोरला."

सेबियोने दोघींकडे पाहिलं, तिच्या पोटाकडे पाहिलं, मग त्या ओट्याकडे. त्याने कुंचला बादलीत आपटून निथळवला आणि बादली घेऊन तो सावकाश त्यांच्याकडे आला.

"थोडा चुना उरलाय," तो म्हणाला. "लहान आहे, पुरेल."