उजव्या हाताची दांडी

अँब्रोजचे हात गेल्या हिवाळ्यापासून थरथरत होते, आणि यॉर्कशरच्या त्या गावात त्याची बायको ईनिड सोडली तर हे कोणालाच ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षं तो दर गुरुवारी स्वतः जोडलेले आगगाडीचे इवलाले डबे घेऊन चॅपेलच्या, म्हणजे गावातल्या छोट्या प्रार्थनाघराच्या, सभागृहात जायचा; तिथे खेळातल्या आगगाड्या बनवणारे त्याचे मित्र जमत. हात दिसले तर मित्र मायेनं खुर्ची देतील आणि काम काढून घेतील, याचीच त्याला धास्ती. म्हणून यंदाची कोळशाची वाघीण, म्हणजे उघडा मालडबा, ईनिडनं जोडली. त्यानं नुसतं शेजारी बसून सांगितलं.

त्या गुरुवारी सभागृहात मित्रांपैकी गॉडफ्रेनं ती उचलून दोन्ही बाजूंनी पाहिली. "लेका, झोपेत जोडलीस का? ब्रेकची दांडी कुठूनही बघा, उजव्या हातालाच हवी. इकडे बरोबर आहे, तिकडे डावीकडे!"

सगळे हसले. अँब्रोजनं खिशातले हात काढून टेबलावर ठेवले. ते थरथरत होते. "माझं काम नाही ते. ईनिडनं केलंय."

हसू थांबलं. गॉडफ्रेनं वाघीण जपून खाली ठेवली. "मग दुरुस्तही तिनंच करायला हवी. कुठाय ती?"

"आत. तुमचा चहा करतेय."

"चहा मी बघतो. तिला पाठवतो."

ईनिड हात पुसत आली. "एवढीशी दांडी, आणि केवढा गवगवा!" म्हणत तिनं टेबलावरचं धारदार पातं उचललं.

अँब्रोजनं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि सगळ्यांदेखत सांगू लागला, "सावकाश. खालच्या बाजूनं सोडव."