देव्हाऱ्यातला कागद

ओटीवर कुशाबांनी पत्र्याच्या नळीचं झाकण अंगठ्यानं रेटलं. ते टक्‌ करून उडालं आणि माजघराच्या उंबऱ्यापर्यंत घरंगळत गेलं.

"जरा दमानं," रंगूबाई नवऱ्याला म्हणाली. "देव हाय तो."

देवच होता. दर दसऱ्याला त्या नळीतल्या कागदाला हळदकुंकू लागे. गडाच्या चाकरीबद्दल पूर्वजाला मिळालेली सनद, असं कुशाबांचे वडील सांगत. वाचता मात्र घरात कोणालाच येत नव्हतं.

प्रियदर्शिनी पोलादपूरच्या बाजूच्या या गावच्या शाळेत बाई होती. महाडला दहा दिवसांच्या वर्गात मोडी शिकून आली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर पोरांना शिकवू लागली. गावानं टोमणे मारले: मोडीवर कंपनीत कोण घेतंय, त्यापेक्षा इंग्रजी शिकवा. कुशाबांनी तेवढी नात पाठवली, आणि त्यांच्या शब्दाखातर आणखी अकरा पोरं आली. त्यांची अट एकच, सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली सनद वाचायची. कुशाबा बिथरले तर वर्ग संपला, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आधी एकदा वाचून बघायला ती आज त्यांच्याकडे आली होती. तिनं कागद पाटावर पसरला. मोडीत शब्द सुटे नसतात. ओळ एका दमात धावते, तोडायची आपण. तिनं पहिली ओळ तोडली, दुसरी तोडली. तिसरीवर बोट थांबलं.

"गडाचं नाव हाय ना, बाई?" कुशाबांनी विचारलं.

कुंकवानं अक्षरं खाल्लीत, असं सांगून सुटता आलं असतं. तीन वर्षांची लेक शेजारणीकडे ठेवून आली होती, निघायची घाईही खोटी नव्हती. पण कुशाबांची नऊ वर्षांची नात अंकिता वाकून, तिनंच शिकवल्याप्रमाणे ओठ हलवत अक्षरं जुळवत होती.

"वर्षे... नऊ. माज्यायेवढी. कोण गो बाई?"

मग प्रियदर्शिनीनं वाचलं, आवाज न चढवता, न उतरवता. सई नावाची पोर, वय वर्षे नऊ, एका बैलजोडीच्या बदल्यात घरकामाला कायमची विकत घेतली. पळाली तर धरून आणावी. गडाचं नाव कुठंच नव्हतं.

कुशाबा कागदाकडे पाहत राहिले. "बैलजोडी," एवढंच म्हणाले. रंगूबाईनं कागदाला चिकटलेली झेंडूची वाळकी पाकळी चिमटीत उचलली, पण ती कुठं टाकावी हे तिला कळेना.

"देवात नाय ठेवायचा आता," ती म्हणाली.

झेंड्याखाली वाचायचा की कसं, असं प्रियदर्शिनीनं चाचरत विचारलं.

"ठरलंय ते ठरलंय," कुशाबा म्हणाले. "मी काय उभा ऱ्हानार नाय तिथं. अंकी वाचंल."

अंकिता अजून कागदावरच वाकलेली होती. तिनं तो उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"बाई, हिला न्यायला आले तवा हिची आय कुठं व्हती?"