शंभर टक्क्यांच्या शेजारचा बाक

मी दहावीच्या वर्गातला एक जुना बाक आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर पुरता वैतागलो आहे.

सुताराने मला बनवलं तेव्हा दोन मुलांचं माप धरलं होतं. त्याच्या मुलीच्या कपाळाला कधीतरी टेबलाचा कोपरा लागला होता, म्हणून माझे चारही कोपरे त्याने घासून गोल केले. काही वर्षं मी पहिल्या रांगेत होतो. तपासणीला आलेले साहेब माझ्यावरून हात फिरवून छान म्हणाले होते. मग नवे बाक आले आणि माझी रवानगी मागच्या भिंतीशी झाली. अंगभर कर्कटकाने कोरलेली नावं आहेत. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

माझं दुखणं वेगळं आहे. दरवर्षी नववीचा निकाल लागला की रस्त्यापलीकडच्या शाळेतून मुलं आमच्याकडे येतात. तीही सरकारी, आम्हीही सरकारी. तिथले सर पालकांना गोड बोलून पटवतात, याला इथलं झेपायचं नाही, दाखला घेऊन जा. ती मुलं मान खाली घालून येतात आणि नेमकी माझ्यावर बसतात. दोघांच्या जागेत चौघं. मग त्यांचा निकाल लागतो शंभर टक्के, आमचा एक्क्याऐंशी. सगळे आकडे सरकार जाहीर करतं. लोक पहिला रकाना बघतात, नाक मुरडतात आणि रस्ता ओलांडतात. पुढचे रकाने वाचायला काय डोळे दुखतात?

परवा एक आई आली. मुलीला पाचवीत घालायचं होतं आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस. मुलगी बोट ठेवून, अडखळत वाचणारी. ऑफिसात गर्दी, म्हणून शिपाईमामांनी त्यांना माझ्यावर बसवलं. सोबतच्या नणंदेचा पाय काही एका जागी ठरेना.

"वहिनी, शंभर कुठे आणि एक्क्याऐंशी कुठे. यात बघायचंय काय एवढं? तिकडची खिडकी बंद होईल."

आईने दोन्ही शाळांचे छापून आणलेले कागद माझ्यावर शेजारी शेजारी पसरले आणि पेनाचं टोपण चावत राहिली. पलीकडे आदल्या वर्षी नववीत साठ मुलं, दहावीत एक्केचाळीस. आमच्याकडे नववीत चाळीस, दहावीत एकोणसाठ. तिने वजाबाकी दोनदा करून पाहिली.

मुख्याध्यापिका बाई आल्या तेव्हा तिने विचारलं, "त्यांची एकोणीस मुलं इथे आली का?"

"आली. त्यातली दहा पास झाली," बाई म्हणाल्या. "तो आकडा कुठल्याच रकान्यात नाही."

"माझी मुलगी वाचताना अडते. नववीत गेल्यावर तिला कुठे पाठवाल?"

"कुठे पाठवणार? आमच्यापुढे शाळाच नाही. शिकवायचं आम्हीच."

दादाला काय सांगणार, असं नणंदेने विचारलं. वजाबाकी दाखवीन, असं आई म्हणाली आणि तिने अर्ज माझ्यावरच भरला.

मित्रांनो, शाळा निवडताना टक्के जरूर बघा. पण आधी मुलं मोजा, आणि कमी भरली तर कुठे गेली ते विचारा. मला पॉलिश नको, कौतुकही नको. माझ्या शेजारी आणखी दोन बाक तेवढे आणून ठेवा. नववीचा निकाल पुढच्या आठवड्यात आहे.