शेपटी भरून आली

आमच्या घरात मासा म्हणजे कालवण. पेणला फ्लॅट घेतला तरी मी मूळचा खाडीकाठच्या खारेपाटातला, जीभ काही बदलत नाही. त्यामुळे माझ्या मुलीने, मनस्वीने, वाढदिवसाला मासे पाळायची टाकी मागितली तेव्हा मी आधी हसलो. सहावीत गेली तरी खुळ्यासारखं मागते, म्हटलं. मग म्हटलं, घेऊ. पाण्यातलं मला कोण शिकवणार? रोह्याच्या एका केमिकल कंपनीत मी पाण्याचंच काम करतो. कंपनीचं घाण पाणी साफ करून बाहेर सोडायचा जो प्लांट असतो, त्याचा मी ऑपरेटर. नऊ वर्षं झाली.

त्या प्लांटच्या शेवटी, पाणी बाहेर पडतं तिथे, एक काचेची टाकी ठेवली आहे. साफ केलेलं पाणी तिच्यात फिरतं आणि पाच-सहा मासे त्यात पोहत असतात. कोणी साहेब तपासणीला आले की त्यांना टाकीसमोर उभं करायचं. बघा साहेब, आमच्या पाण्यात मासे जगतात! साहेब खूश, मॅनेजर खूश. त्या टाकीशेजारी छाती काढून उभा असलेला माझा एक फोटो आहे. तो मनस्वीने शाळेत सगळ्यांना दाखवला होता.

फोटोत एक गोष्ट दिसत नाही. त्या टाकीतले मासे मरतात. मेला की मी जाळीने काढतो आणि मागे बोअरच्या पाण्याचं पिंप आहे, त्यातला दुसरा आणून सोडतो. असं कर म्हणून मला कोणी सांगितलेलं नाही, आणि करू नको असंही कोणी म्हटलेलं नाही.

टाकी घ्यायला आम्ही पेणच्या बाजारात मृणालीच्या दुकानात गेलो. पंचविशीची मुलगी, पण बोलायला खमकी.

"टाकी नवीन हाय ना दादा? मग आज टाकीच न्या. मासे महिन्याने."

"वाढदिवस आज हाय," मी म्हणालो.

"मग दोनच न्या. माशाच्या घाणीनंच पाण्यात विष साठतं. ते खाणारे जंतू नवीन टाकीत नसतात, ते व्हायला महिना लागतो. तवर रोज पाव टाकी पाणी बदलायचं, खायला चिमूटभर टाकायचं. आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाय. जंतू त्याच्यातच राहतात."

हे ती मला सांगत होती. मला! त्याच जंतूंना जगवायचा मी पगार घेतो. प्लांटवर नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी मी त्याला हेच ऐकवतो. पण दुकानातल्या मुलीकडून, पोरीच्या देखत ऐकायला मला कमीपणा वाटला.

"सहा दे," मी म्हणालो.

तिने अंगावर पट्टे असलेले बोटाएवढे सहा झेब्रा मासे पिशवीत भरून दिले, आणि पाणी तपासायच्या थेंबांची बाटली मनस्वीच्या हातात ठेवली. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं राहिलं तर बरं, हिरवं झालं तर विष. जितकं गडद हिरवं, तितकं जास्त.

मनस्वीने दुसऱ्याच दिवशी वही केली. शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, त्यासाठी. तारीख, रंग, मासे किती. आदल्या दिवशी बादलीत काढून ठेवलेलं पाणी ती मापाने टाकीत घालायची. रंग जरा इकडेतिकडे वाटला तर मी म्हणायचो, लिही अंदाजे. त्यावर ती डोळे मोठे करायची. "अंदाजे लिव्हायचं नाय, पप्पा. बाईंनी सांगितलंय, दिसलं तेच लिव्हायचं."

पोरगी सगळं नीट करत होती. घात मी केला. दुसऱ्या आठवड्यात माझा मेहुणा घरी यायचा होता. पाहुणे येणार म्हणजे टाकी चकाचक पाहिजे, ही माझी कंपनीतली सवय. मनस्वी क्लासला गेली होती. मी फिल्टरमधला तपकिरी बुळबुळीत स्पंज काढला आणि नळाखाली चोळून चोळून पांढरा केला.

"मृणालीने नको म्हटलेलं ना?" माझी बायको, दिशा, म्हणाली.

"मला नको शिकवू."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट करून चारला घरी आलो तर एक झेब्रा पोट वर करून तरंगत होता. बाकीचे वर येऊन तोंडं उघडत होते. मनस्वी साडेपाचला शाळेतून येते. मी स्कूटर काढली, बाजारातून तसाच एक मासा आणला आणि मेलेला काढून तो सोडला. खरं सांगतो, तेव्हा मला काहीच वाटलं नाही. हाताला सवय होती.

संध्याकाळी तिने थेंब टाकले. गडद हिरवा. मासे मोजले, सहा. तसं लिहिलं.

पुढच्या दोन आठवड्यांत मी आणखी चार मासे बदलले. दुसऱ्या खेपेला जो मेला त्याची शेपटी फाटकी होती, आणि मी आणला तो धडधाकट. हे मला सुचलंच नाही. मनस्वीला मात्र लगेच दिसलं. नाचतच स्वयंपाकघरात आली.

"पप्पा, फाटक्याची शेपटी भरून आली! एका दिवसात!"

"पाणी चांगलं हाय ना," मी म्हणालो.

तिने ते लिहून ठेवलं. त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, पण मी मूग गिळून बसलो. आता सांगितलं तर तिला काय वाटेल, हे मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे मी तिच्या नजरेतून उतरेन, एवढीच मला भीती होती.

पाचव्यांदा गेलो तेव्हा मृणालीने मासा पिशवीत घातला, पण पिशवी लगेच दिली नाही. आत जाऊन तिच्या चालू टाकीतला एक मळकट स्पंज घेऊन आली. "हा न धुता तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा, दादा," म्हणाली. बाकी काही विचारलं नाही. त्या स्पंजाने पंधरा दिवसांत पाणी पिवळं राहू लागलं. कंपनीतही आम्ही हेच करतो, नव्या प्लांटला जुन्या प्लांटचा गाळ आणतो. मला ते माहीत होतं, लाज वाटते ती त्याचीच.

प्रदर्शनात मनस्वीचा पहिला नंबर आला. तक्त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'नव्या टाकीत सहाच्या सहा मासे जिवंत'. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी दिपिका आमच्या दारात आली. मनस्वीच्या वर्गातली, पेणजवळच्या जोहे गावची. तिच्या वडिलांचा गणपतीचा कारखाना आहे, ते खाली मूर्तींच्या रंगांचे डबे टेम्पोत चढवत होते. मनस्वीचं बघून दिपिकानेही टाकी घेतली होती. वही मनस्वीचीच उतरवून घेतलेली, थेंबही मनस्वीनेच दिलेले. दिपिकाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती आणि पिशवीत चार मेलेले मासे.

"सगळे गेले गो," ती म्हणाली. रडून डोळे सुजले होते.

मनस्वीने वही काढली. पहिला नंबर आलेली पोर ती, चौकशी करायला बसली. "तू खाणं जास्त टाकलं असशील."

"नाय. चिमूटभरच टाकलं."

"पाणी बदललं नाय असशील."

"रोज बदललं. हिरवं झालं तवा मी घाबरले, म्हटलं मासे परत दुकानात देऊ. पण तुझ्या वहीत लिव्हलंय, गडद हिरव्याला पण काय होत नाय. म्हणून ठेवले."

"मग तुझंच कायतरी चुकलं असेल," मनस्वी म्हणाली.

दिपिकाने मान खाली घातली. "व्हय. मला नाय जमत असलं."

मी तिथेच खुर्चीत पेपर घेऊन बसलो होतो. लाजायला हवं होतं मी, आणि मान खाली घातली होती त्या लेकराने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी पेपर बाजूला ठेवला.

"दिपिका, तुझं काय चुकलं नाय. मनू, आपले मासे मेले होते. पाच. मी बदलले."

मग मी सगळं सांगितलं. नळाखाली धुतलेला स्पंज, स्कूटरवरून मारलेल्या खेपा, मृणालीने दिलेला दुसरा स्पंज. दिशा दारात येऊन उभी राहिली होती, तीही ऐकत होती.

मनस्वी रडेल, ओरडेल असं मला वाटलं होतं. तिने लाल पेन घेतलं. "तारखा सांगा."

तारखा मला पाठ होत्या. पाचही सांगितल्या. तिने त्या त्या ओळीत सहाचा आकडा खोडून लाल पेनाने 'पाच, एक मेला' असं लिहिलं. शेपटीच्या ओळीवर आली तेव्हा थांबली. ती ओळ तिने पट्टी लावून खोडली, अगदी सावकाश.

"म्हणजे माझ्यामुळे नाय मेले?" दिपिकाने विचारलं.

"नाय बाळा. माझ्यामुळे मेले," मी म्हणालो. तिने पिशवी उचलून छातीशी धरली.

मनस्वी मात्र अजून वहीतच बघत होती. तिने पान उलटलं. कोऱ्या पानावर तीन रकाने आखले आणि मान वर न करता विचारलं, "कंपनीतल्या टाकीतले?"

मी पेपर पुन्हा उचलला.

"फोटोतले मासे, पप्पा. ते पण बदलता? किती मेले?"

मी हो म्हणालो. किती, हे मात्र सांगता येईना. एकही मोजला नव्हता. आमच्या पाण्यात मासा खरंच जगतो का, हेसुद्धा मला माहीत नाही. ते पाणी पुढे खाडीला जातं, आणि ते कसं आहे हे नऊ वर्षांत मी कोणाला कळू दिलेलं नाही, स्वतःलाही नाही.

ती पेन धरून वाट बघत होती.

"अंदाजे..." मी सुरुवात केली.

मनस्वीने वही मिटली.