गारठ्याचं छत

मेलेला माणूस सायकल चालवत आला, दवाखान्याच्या पायरीला टेकला, बर्फाची अख्खी लादी पोचती केली आणि मगच मेल्यासारखा दिसायला लागला, हे मी सांगतो तेव्हा लोक एकमेकांकडे बघतात. बघू देत. माझ्या गोष्टीत वाढवलेलं पुष्कळ असतं. ते सगळं चाळून टाकलं तरी ह्या गोष्टीत एक मेलेला माणूस आणि एक अख्खी लादी उरतेच.

त्याला सगळे गारठा म्हणत. कारखान्यातून बर्फाची लादी कॅरिअरवर बांधायची आणि दुकानांत, मासळीबाजारात, दवाखान्यात पोचवायची, हे त्याचं काम. इतकी वर्षं पाठीशी बर्फ घेऊन हिंडला की त्याच्या शेजारी बसलं तरी पडसं व्हायचं. बायको रात्री दुधाचं पातेलं त्याच्या उशाशी ठेवायची आणि सकाळी साय घट्ट मिळायची. हे मी स्वतः पाहिलेलं नाही, पण साय खाल्लेली आहे.

त्याला एकच घमेंड होती, कोपऱ्यांची. बाकीचे पोचवत ती लादी म्हणजे साबणाची वापरलेली वडी. गारठ्याची लादी उतरवताना कोपरा हाताला टोचला पाहिजे. भुसा कुठे जाड घालायचा, गोणपाट किती ओलं ठेवायचं, हे तो कुणाला शिकवायचा नाही. "कोपरा गेला म्हणजे वाटेत कुणीतरी डुलकी काढली," एवढंच म्हणायचा.

तो गेला त्याच्या आदल्या उन्हाळ्यात भर रस्त्यात सायकलवरून कोसळला होता. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला उठवून बसवलं आणि बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "पुन्हा असा पडला तर मला उठवता येणार नाही. डोक्यावर सावली हवी. ओलं फडकं म्हणजे सावली नव्हे, ते पहिल्याच वळणाला वाळतं."

"अहो, काम सोडा मग," बायको म्हणाली.

"आणि करू काय? गरम काम मला जमत नाही."

पुढचा उन्हाळा आला तो मागच्याला लाजवणारा. रस्त्यावर सावली म्हणून काही उरली नव्हती. विजेच्या खांबाच्या सावलीत माणसं एकामागे एक उभी राहत, बारीक पुढे, जाड मागे, आणि सावली सरकली की अख्खी रांग सरकायची. एक परका माणूस रांग बघून उभा राहिला, दुपार टळेस्तोवर पुढे सरकत राहिला, आणि शेवटी खांबापाशी पोचल्यावर विचारता झाला, इथे काय मिळतं?

गारठ्याची बायको कपडे शिवायची. तिने एक मोठी काळी छत्री उसवली, काड्या तेवढ्या ठेवल्या आणि त्यांवर दुहेरी कापड शिवलं, आतून काळं, वरून पांढरं. तिचा धाकटा भाऊ वेल्डर. त्याने सायकलच्या सीटखालच्या नळीला एक उभा पाइप पकडीने बसवला. आता छत पाइपावर बसवायचं कसं, तर ऊन काही एका जागी थांबत नाही. तेव्हा बायकोने माळ्यावरचा मोडका टेबलफॅन काढला. "ह्याची मान काप," ती भावाला म्हणाली. टेबलफॅनची मान वाकते, वळते, आणि बाजूचा कानवाला नट आवळला की तिथेच ठरते. पाइपाच्या टोकाला ती मान, मानेवर छत. ऊन समोरून आलं की छत पुढे, बाजूने आलं की बाजूला.

पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून शिकवत होती. "मान जरा डावीकडे करा. अहो, तुमची नव्हे, त्याची."

गल्लीने टिंगल केली. स्वारी कुठे निघाली, चवऱ्या ढाळायला कुणी येऊ का, वगैरे. गारठा सावलीत बसून पायडल मारत गेला आणि संध्याकाळी घरी आला तो घेरी न येता. बायकोने त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. नुसती उंबऱ्यात बसून सायकलकडे बघत होती.

मी तेव्हा कारखान्याच्या दारावर राखण करायचो. त्यामुळे मालकाने ते छत पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी तिथेच होतो.

"हे काय लावलंयस?"

"सावली आहे मालक. बायकोने केली."

"फिरते?"

"ऊन येईल तिकडे फिरते."

मालकाने कानवाला नट सैल केला, छत मागे ओढलं, कॅरिअरवर नेलं, लादीवर बरोबर बसवलं आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं. "अरे," तो म्हणाला, "ह्याने तर बर्फ कमी वितळेल."

झालं. बायकोला आणि तिच्या भावाला सगळ्या सायकलींचं काम मिळालं. गावातल्या मोडक्या टेबलफॅनना मागणी आली. चालू फॅनवाले रात्री फॅन कुलपात ठेवायला लागले. थोड्याच दिवसांत सकाळी कारखान्याच्या दारात कुत्र्याच्या छत्र्या उगवल्यासारखी छतं दिसू लागली. दारातून बाहेर पडेपर्यंत प्रत्येक छत बर्फावर असायचं. पहिलं वळण गेलं की प्रत्येक छत माणसावर.

मासळीबाजारातली एक बाई, जिच्या जिभेला तिची गिऱ्हाइकंच नव्हेत तर मासेसुद्धा भ्यायचे, ती थेट कारखान्यात आली. "मालक, तुम्ही बर्फ पाठवताय की बर्फाचा फोटो?"

मालकाने त्याच दिवशी वेल्डरला बोलावलं. वेल्डरची शेड कारखान्याच्या आवारात, मागच्या भिंतीला टेकून होती. जागा मालकाची.

"सगळ्या माना मागे कर आणि वेल्डिंगचा टाका मारून टाक."

"मालक, मग ती फिरणार कशी?"

"फिरायचीच नाही."

"माणसाला ऊन लागेल."

"माणूस वितळतो का?" मालकाने विचारलं. चेष्टेने नव्हे. त्याला खरंच वाटत होतं की ह्याला उत्तर नाही.

संध्याकाळी बहीण शेडमध्ये आली.

"तू मारणारेस टाके?"

"ताई, मी नाही म्हटलं तर उद्या दुसरा येईल. तो सगळ्यांना पक्का मारेल."

"आणि तू?"

त्याने गॅसच्या नळीकडे बघितलं. "बाकीच्यांना पक्का. भाऊजींना कच्चा. नुसता ठिपका, वरून रंग. एक लाथ घातली की सुटेल."

"बाकीच्यांचं काय?"

"सगळ्यांना कच्चे मारले तर दुसऱ्या दिवशी सगळे सुटलेले दिसतील. मग एकही राहणार नाही."

बाकीच्यांच्या बायकांचे ब्लाउज तीच शिवत होती. मग म्हणाली, "ठिपका लहान मार," आणि घरी गेली.

टाके मारून झाले. वेल्डरने गारठ्याला कानात सांगितलं, कुठे लाथ घालायची ते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक लादी ओढायचा लोखंडी आकडा घेऊन दारात आला आणि एकेका सायकलच्या मानेवर टकटक करत फिरला. गारठ्याच्या मानेवरही केली. ठिपका टिकला. शेवटी मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"रोज संध्याकाळी ह्याच दारात बघणार. एकही मान हललेली दिसली तर सायकलवाल्याला मी काही विचारणार नाही. ज्याने टाका मारला त्याची शेड उचलून रस्त्यावर ठेवीन."

वेल्डर तेव्हा आत, शेडमध्ये होता. त्याने ऐकलं नाही. गारठ्याने ऐकलं. टाका एकदा सुटला की पुन्हा मारायला शेडपर्यंत जायला हवं, आणि शेड दाराच्या आत, तपासणी दारात. गारठ्याने छताकडे एकदा बघितलं, दोरी आवळली आणि निघाला. घरी ह्यातलं अक्षर बोलला नाही.

"आज फिरवलंत का?" बायको संध्याकाळी विचारायची.

"फिरवलं की."

"ऊन नाही ना लागलं?"

"सावलीच सावली."

"मग मानेवर एवढं काळं कसं झालंय?"

"ते आधीपासूनचं आहे. लग्नात नीट बघून घ्यायचं होतंस."

असं कितीक दिवस चाललं. बर्फ कोपऱ्यांसकट पोचत होता. मासळीबाजारातली बाई गप्प झाली, आणि ती गप्प झाल्यामुळे गावात कित्येकांची झोपमोड थांबली. मालक खूश. गारठा मात्र दारात पाणी मागायला लागला. आधी एक तांब्या, मग डोक्यावर ओतायला आणखी एक.

त्या दिवशी माळापलीकडच्या दवाखान्यातून निरोप आला. तिथली गार ठेवणारी पेटी बंद पडली होती आणि औषधं खराब होणार होती. लादी हवी, लगेच. माळावर एक झाड नाही. मी त्याला म्हटलं, "ऊन उतरू दे."

"ऊन उतरेस्तोवर औषधं उकडतील," तो म्हणाला. तांब्याभर पाणी डोक्यावर घेतलं. ते खाली पोचायच्या आत वाळलं, हे मात्र मी ह्या डोळ्यांनी पाहिलं.

पुढचं दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून ऐकलेलं. बाहेर सायकलची घंटा वाजली म्हणून तो आला. गारठा सीटवर बसलेला, एक पाय पायरीवर, दोन्ही हात ब्रेकवर आवळलेले. मागे लादीवर छत, आणि माणूस उन्हात.

"उतर की खाली," कंपाउंडर म्हणाला. गारठा उतरला नाही. कंपाउंडर वैतागून स्वतःच दोरी सोडायला लागला. लादी ओढताना कोपरा हाताला लागला आणि रक्त आलं. त्याने शिवी हासडली. एवढ्यावरही गारठा हसला नाही, तेव्हा त्याने वळून तोंडाकडे बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. म्हणाल्या, ह्याला जाऊन वेळ झाला. माळाच्या मध्यावरच कुठेतरी गेला असणार.

"मग घंटा कुणी वाजवली?" कंपाउंडरने विचारलं.

बाईंपाशी त्याचं उत्तर नव्हतं. माझ्यापाशी आहे. त्या सायकलला रस्ता पाठ होता, आणि गारठ्याच्या पायांना लादी पोचल्याशिवाय थांबायची सवय नव्हती. पटत नसेल तर सोडून द्या.

मालकाच्या गाडीतून आम्ही गेलो. पुढे मालक, मागे गारठ्याची बायको, तिचा भाऊ आणि मी. दवाखान्यातल्या सगळ्या खाटा उन्हाने लोळवलेल्या माणसांनी भरलेल्या, म्हणून त्याला मागच्या अंगणात टेबलावर ठेवलं होतं. गारठ्याची मुलगी लांबच्या गावी दिलेली, ती सकाळशिवाय पोचणार नव्हती. "औषधांना अर्धी लादी पुरेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अर्धी त्याला." फोडलेली लादी त्याच्या डोक्याखाली आणि अंगालगत लावलेली होती. भिंतीची सावली केव्हाच सरकून गेली होती. ऊन सरळ त्याच्या तोंडावर आणि बर्फावर.

मालकाने बर्फाकडे बघितलं. "लादी तर पूर्ण पोचवली त्याने," तो म्हणाला. खरं सांगायचं तर हळू आवाजात म्हणाला.

बायको रडली नाही. ती भिंतीला लावलेल्या सायकलपाशी गेली आणि मानेवरून बोट फिरवलं. रंगाला चीरसुद्धा नव्हती.

"तू त्यांना सांगितलं होतंस ना?" तिने भावाला विचारलं.

"सांगितलं होतं. कुठे लाथ घालायची तेसुद्धा."

"मग हे असं कसं?"

भावाला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं. दारावरचा माणूस मी. मी मालकाच्या देखत मालकाचे शब्द सांगितले. शेडचे, रस्त्याचे. वेल्डर मटकन खाली बसला.

"रोज मला सावलीच सावली म्हणत होते," ती म्हणाली. मालक घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा करत होता. टेबलावरून पाणी ठिबकत होतं.

"ऊठ," ती भावाला म्हणाली. "सोड ते."

तो उठला. मालक तीन हातांवर उभा. वेल्डरने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मानेवर लाथ घातली. एकच. ठिपका तुटून टेबलाखाली गेला आणि छत डुलायला लागलं.

मालक पुढे आला, वाकून जोड बघितला. "हा कच्चा होता."

"होय."

"मी काय बोललो होतो ते..."

"शेड उद्या मीच उचलतो, मालक. आज इथे काम आहे."

मालक गाडीत जाऊन बसला. शेड त्याने पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या वेल्डरला दिली.

भावाने सायकल टेबलाला लावून उभी केली, चाकाखाली विटा दिल्या. "ताई, तोंडावर घेऊ की बर्फावर?"

तिने टेबलाकडे बघितलं. "दोन्हीवर येतंय की आज," ती म्हणाली.

मग दुपारभर ती तिथे उभी होती. ऊन सरकलं की कानवाला नट सैल करायची, छत थोडं वळवायची, पुन्हा आवळायची. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पाठवली, तीवर बसली नाही. तिच्यावर स्वतःवर सावली येत नव्हती. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "माझं मी पुढच्या वेळी बघीन."

मुलगी सकाळी आली. तोवर अंगालगतचा बर्फ पाणी होऊन अंगणभर वाहून गेला होता. तिने बापाचं डोकं उचलून मांडीवर घ्यायला हात खाली घातला आणि एकदम काढून घेतला.

"आई, काहीतरी टोचलं."

डोक्याखाली लादीचा एक कोपरा शिल्लक होता. कंपाउंडर म्हणतो, रात्रभरात तो राहणं शक्य नाही. मी तिथे होतो.

"टोचणारच," तिची आई म्हणाली.